परतीचा पाऊस आणि कर्माचा हिशेब

नैर्ऋत्य मोसमी वारे महाराष्ट्रातून माघारी फिरतात ते साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. शेतकऱ्याच्या हिशेबात ही हस्त-चित्रा नक्षत्रांची वेळ. सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात याच पावसाच्या ओलीवर रब्बी ज्वारी उगवते आणि पुढे बहुतेक त्याच ओलीवर पोसते. मराठवाड्यात, विदर्भात मात्र तेव्हा सोयाबीन काढणीला आलेले असते. कापून पडलेले पीक भिजत राहिले, तर शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात. कोकणात भात आडवे होते, नाशिककडे नुकत्याच छाटलेल्या द्राक्षबागांत डाऊनी रोग शिरतो. पाऊस हा पुण्याचे फळ किंवा पापाची शिक्षा मानला, तर ज्वारीवाला पुण्यवान आणि सोयाबीनवाला पापी असे म्हणावे लागेल. तसे कोणी म्हणत नाही.

मग हे दुःख कोणाच्या खात्यावर? ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका सुरूच होते ती त्रिविध दुःखापासून. आध्यात्मिक म्हणजे स्वतःच्या देहामनाचे, आधिभौतिक म्हणजे इतर प्राणिमात्रांकडून येणारे, आणि तिसरे आधिदैविक. भाष्यकार गौडपाद थंडी, ऊन, वारा, पाऊस, वीज यांना या तिसऱ्यात घालतो. वाचस्पती मिश्र तिथे यक्ष-राक्षस आणि ग्रहांची बाधा ठेवतो, तर दासबोधात आधिदैविक ताप म्हणजे मरणोत्तर यमयातना. गौडपादाची वाटणी शेतकऱ्याला जवळची: आभाळातून येते त्याचा जाब कोणाला विचारायचा?

गीतेचा तिसरा अध्याय मात्र पावसाला माणसाच्या वागण्याशी जोडतो. अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून, यज्ञ कर्मातून, अशी ती साखळी आहे. ज्ञानेश्वर तर स्वधर्मालाच नित्ययज्ञ म्हणतात. आधुनिक शिक्षणाने ही साखळी भाबडी ठरवली. हवामानशास्त्राने ती वेगळ्या दाराने परत आणली. तापमान एका अंशाने वाढले की हवेत सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते, आणि अरबी समुद्र तापतो आहे. २०१९च्या ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ चक्रीवादळ समुद्रात असताना राज्यात काढणीला आलेली पिके भिजून गेली. एकेका पावसाचे खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही हे खरे, पण अतिवृष्टीची शक्यता वाढते, आणि ती वाढवणारा धूर माणसाचा आहे. तेवढ्यापुरता हा ताप आधिदैविकातून आधिभौतिकात सरकला आहे.

खरी अडचण इथून पुढे आहे. कर्मसिद्धान्ताचे बळ दोन दोष टाळण्यात होते: केलेले वाया जाणे हा कृतनाश, आणि न केलेले वाट्याला येणे हा अकृताभ्यागम. गेल्या दीड शतकात दूरच्या देशांत जळलेल्या कोळशाची झळ परभणीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला लागते, हा अकृताभ्यागमाचा धडधडीत नमुना. पूर्वजन्मीच्या कर्माचे उत्तर इथे देता येते. पण ते खोडता येत नाही म्हणूनच त्याचा उपयोग नाही, शिवाय ज्याचे गेले तोच आरोपी ठरतो. एकाच्या करणीचे फळ दुसऱ्याला मिळत नाही, हा दर्शनांचा सर्वसाधारण आग्रह. पुराणकथा त्याबाबत अधिक मोकळ्या. अंगदेशाचा राजा लोमपाद ब्राह्मणांशी अपराध करतो आणि अवर्षण सोसते सारी प्रजा. ऋष्यशृंग मुनीला आणल्यावर पाऊस पडतो, पण त्याआधी प्रायश्चित्त राजालाच घ्यावे लागते. शेतकऱ्यांकडून ते कोणी मागत नाही.

आजच्या राजांचे वर्तन याहून सावध आहे. २०२२मध्ये शर्म-अल-शेखच्या हवामान परिषदेत गरीब देशांच्या हानीसाठी निधी उभारण्याचे ठरले. मात्र झालेल्या नुकसानीचे कायदेशीर दायित्व श्रीमंत देशांनी स्वीकारलेले नाही. पैसा येईल तो दान म्हणून, ऋणफेड म्हणून नव्हे. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ऋण मात्र धर्मशास्त्राप्रमाणे फेडावेच लागते, आणि ऋणको मेला तरी त्याच्या वारसांवर ते राहते.