निष्ठा आधी कुणी दाखवायची?

२०२५ च्या ११ जुलैला इंडियन सुपर लीग चालवणाऱ्या कंपनीने क्लबांना कळवलं की नवा हंगाम तूर्त स्थगित. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी २०१० मध्ये झालेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचा झालेला नव्हता, हे कारण. ऑगस्टमध्ये काही क्लबांनी पगार थांबवले, तर काहींनी खेळाडूंचे करारच स्थगित केले. लीग कधी सुरू होणार, हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. या पडझडीचं एका स्तंभलेखकाने जे निदान केलं, त्याने मला लिहायला भाग पाडलं. त्यांच्या मते भारतीय फुटबॉलला खेळाडूंनी बुडवलं. दर हंगामाला जर्सी बदलणाऱ्या पोरांवर प्रेक्षकांनी जीव तरी कसा लावायचा, असा त्यांचा सवाल. पुरावा म्हणून त्यांनी कोल्हापूरला ओढलं. पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉलचं वेड मिरवणाऱ्या या शहराने देशाला दिलं काय, तर चार क्लब फिरून आलेला एक विंगर.

तो विंगर म्हणजे अनिकेत जाधव. जन्म कोल्हापूरचा, २००० सालचा. फुटबॉलचं पक्कं शिक्षण पुण्यात. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला तेव्हा दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या संघात तो होता. तिन्ही सामने हरलो. पण फिफाच्या विश्वचषकात भारताचा संघ त्याआधी कधी उतरलाच नव्हता, हे विसरून चालणार नाही. मग महासंघाचा इंडियन ॲरोज, मध्ये इंग्लंडात ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सराव, २०१९ ला जमशेदपूर, तिथून हैदराबाद, पुढे ईस्ट बंगाल, नंतर ओडिशा. हैदराबादने २० मार्च २०२२ ला गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून लीग जिंकली, तो अनिकेतचा हैदराबादमधला हंगाम. त्याच वर्षी त्याला भारताच्या वरिष्ठ संघाचं बोलावणंही आलं. ही ताऱ्याची कारकीर्द नाही, आणि मीही तसा दावा करणार नाही. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये जागा टिकवलेल्या कसबी कामगाराची ही कारकीर्द आहे.

आता स्तंभलेखकांचा आरोप या यादीवर ठेवून बघू. इंडियन ॲरोज २०२२ मध्ये बंद झाला. हैदराबाद एफसी २०१९ मध्ये जन्मला तो एफसी पुणे सिटीच्या जागेवर. ज्यांनी पुण्याच्या संघावर जीव लावला होता त्यांचा संघ बंद झाला आणि त्याची जागा दुसऱ्या राज्यात गेली. पुढे हैदराबादमध्येही पैशांचा खडखडाट झाला आणि २०२३-२४ च्या हंगामात पगार न मिळालेले खेळाडू मधूनच निघून गेले. ओडिशा एफसी म्हणजे २०१९ पर्यंतचा दिल्ली डायनामोज. ईस्ट बंगालचं नाव १९२० पासून टिकून आहे, पण २०१८ ते २०२२ या काळात त्याचे पैसेवाले भागीदार तीनदा बदलले. आपल्या महाराष्ट्रात तर स्मशानच आहे: पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, मुंबई एफसी, एफसी पुणे सिटी. पाचही क्लब २०१५ ते २०१९ या पाच वर्षांच्या आत मिटले. एवढ्या वेळात एखाद्या पोराची कारकीर्द नीट सुरूही होत नाही. ज्या व्यवस्थेत क्लबाचं आयुष्य खेळाडूच्या कारकिर्दीपेक्षा कमी, तिथे खेळाडूला फिरस्ता म्हणणं हा सरळ अन्याय आहे. फिरतायत ते क्लब. पोरं कामाच्या मागे जातायत, जशी कोल्हापूर-इचलकरंजीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या कामामागे मुंबईला गेली.

आणि विंगर म्हणून बोलायचं, तर त्या जागेचंही एक अर्थकारण आहे. अनिकेत विश्वचषकाच्या संघात पुढच्या फळीतला खेळाडू होता. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तो कडेला सरकला, आणि हे एकट्या त्याच्याबाबतीत झालेलं नाही. सुपर लीगमध्ये आधी सहा, मग पाच आणि २०२१-२२ पासून चार परदेशी खेळाडू एका वेळी मैदानात उतरवता येतात. कुठलाही प्रशिक्षक त्यांतला एक तरी मधल्या स्ट्रायकरच्या जागी लावतो, कारण गोल हवेत आणि नोकरी टिकवायची आहे. मग भारतीय फॉरवर्डने जायचं कुठे? रेषेलगत. तिथे धावायचं भरपूर, मागे येऊन बॅकला मदत करायची, क्रॉस द्यायचे, आणि पासष्टाव्या-सत्तराव्या मिनिटाला दम लागला की बाहेर बसायचं. गोल नावावर कमी, म्हणून किंमत कमी. किंमत कमी, म्हणून करार छोटा. करार छोटा, म्हणून पुन्हा नवा क्लब. भारताचा स्ट्रायकर सुनील छेत्री याच्यानंतर कोण, असा गळा काढणाऱ्यांनी छेत्रीच्या जागेवर आपण किती भारतीय पोरांना खेळू दिलं, याचं उत्तर आधी द्यावं.

निष्ठेच्या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्रिनिदादचे लेखक सी. एल. आर. जेम्स यांनी. १९६३ च्या ‘बियाँड अ बाउंडरी’चा विषय क्रिकेट आहे, पण कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्या माणसाने तो ग्रंथ वाचावा; त्याला घरचंच वाचल्यासारखं वाटेल. जेम्स यांच्या तरुणपणी त्रिनिदादमध्ये प्रत्येक क्लबाचा एक सामाजिक रंग ठरलेला होता, अगदी कातडीच्या रंगासकट. उजळ वर्णाच्या मध्यमवर्गीयांचा मेपल, कष्टातून वर आलेल्या काळ्या माणसांचा शॅनन. स्वतः काळे असलेले जेम्स शिक्षणाच्या जोरावर मेपलमध्ये गेले, आणि त्या निवडीने आपल्याला आपल्या माणसांपासून दूर नेलं, राजकीय समज यायला वर्षं घालवली, असं त्यांनी पुढे स्वच्छ लिहिलं. क्लब निवडणं म्हणजे आपण समाजात कुणाच्या बाजूला उभे आहोत हे सांगणं. हे त्यांना कळलं होतं आणि आपल्याला कळायला हवं.

पण स्तंभलेखकांना मला जेम्स यांच्या पुस्तकातली दुसरी बाजू सांगायची आहे. शॅननचा लियरी कॉन्स्टंटाइन १९२९ मध्ये लँकशायरमधल्या नेल्सन या गिरणगावात पगारी क्रिकेटपटू म्हणून गेला. सातासमुद्रापलीकडचा काळा माणूस, पैशांसाठी आलेला. तो तिथे नऊ हंगाम खेळला. १९३२ मध्ये जेम्स स्वतः त्याच्या घरी राहायला गेले आणि त्या गावाने त्याला कसं आपलं मानलं ते त्यांनी जवळून पाहिलं. आधी संशय होता, वर्णद्वेषही होता. मग दर शनिवारी मैदान भरू लागलं, कारण क्लबाने शब्द पाळला, पगार वेळेवर दिला, आणि खेळाडूनेही खेळात कसूर केली नाही. पगार आणि जिव्हाळा यांचं वैर आहे ही समजूत नेल्सनने खोटी पाडली. जिव्हाळा जन्मला तो पाळलेल्या करारातून. ते नेल्सन आणि आपल्या पोराने जिथे सराव केला ते ब्लॅकबर्न एकाच परगण्यात, एकमेकांच्या जवळ आहेत. ब्लॅकबर्नचा क्लब आज पुण्याच्या व्यंकीजच्या मालकीचा आहे, पण तो १८७५ चा आहे. मालक बदलले तरी गाव सोडून गेलेला नाही.

इथवर लिहिताना माझ्या मनात उत्तर तयार होतं: कोल्हापूरकडे बघा. आपल्या तालमी टिकल्यात. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, त्या काळात फोफावलेल्या तालमींनी पुढे फुटबॉल उचलला. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं आजोबांनी घेतली तशीच नातवंडं घेतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा (केएसए) हंगाम लागला की शाहू स्टेडियम भरतं, तिकीट काढून भरतं. पाच व्यावसायिक क्लब महाराष्ट्रात मेले त्या काळात यातली एकही तालीम गाव सोडून गेली नाही. तेव्हा देशाने कोल्हापूरकडून शिकावं, असं लिहून लेख संपवता आला असता.

ते प्रामाणिक झालं नसतं. गेल्या काही वर्षांत तालमींच्या पुढच्या फळीत कोण खेळतं ते आपण सगळे बघतो. बाहेरून आणलेले आणि आफ्रिकेतून आलेले खेळाडू. माझा त्यांच्यावर राग नाही. तेही अनिकेतसारखेच कामामागे आलेले व्यावसायिक आहेत आणि समर्थकांनी त्यांना मानाने वागवलं पाहिजे. प्रश्न तालमींचा आहे. चषकाच्या ईर्षेपायी वर्गणीतून आणि पुढाऱ्यांच्या देणगीतून जमलेला पैसा दोन-तीन महिन्यांच्या पाहुण्यावर जातो, आणि पेठेतला सतरा वर्षांचा फॉरवर्ड रेषेबाहेर जॅकेट घालून बसतो. सुपर लीगने देशातल्या स्ट्रायकरचं जे केलं तेच आपण आपल्या गल्लीतल्या पोराचं करतोय, आणि तेही परंपरेच्या झेंड्याखाली. नाव टिकवणं म्हणजे निष्ठा नव्हे. पोराला खेळायला जागा देणं, दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च उचलणं, ठरलेलं मानधन कागदावर लिहून वेळेत देणं, ही निष्ठा. या कसोटीवर आपण लीगवाल्यांपेक्षा फार वरचे नाही. अनिकेतला घडायला कोल्हापूर सोडून पुण्याला जावं लागलं, हे त्या स्तंभलेखकांना दिसलं नाही. दिसलं असतं तर त्यांचा वार जिव्हारी लागला असता.

त्यांच्या मूळ आरोपावरचा माझा निकाल मात्र बदलत नाही. खेळाडू निर्दोष आहे. १९९५ मध्ये जाँ-मार्क बोस्मान नावाच्या एका साध्या बेल्जियन मिडफिल्डरने युरोपच्या न्यायालयातून करार संपल्यावर मोकळं होण्याचा हक्क मिळवला. त्या लढ्यात त्याची स्वतःची कारकीर्द संपली, फायदा पुढच्यांना झाला. तो हक्क काढून घेऊन, खेळाडूंना एका जर्सीत बांधून फुटबॉल सुधारेल असं मानणाऱ्यांनी आधी क्लबांना बांधावं: पाच वर्षांच्या पगाराची हमी जमा केल्याशिवाय लीगमध्ये प्रवेश नाही, आणि गाव बदललं तर परवाना रद्द.

कोल्हापूरपुरतं म्हणाल तर माझी केएसएला आणि प्रत्येक तालमीच्या कार्यकर्त्यांना हात जोडून विनंती आहे. येत्या हंगामात पुढच्या फळीतल्या किमान दोन जागा एकवीस वर्षांखालच्या कोल्हापुरी पोरांसाठी राखा, मधल्या स्ट्रायकरची जागा त्यांत धरून. प्रत्येक खेळाडूशी लेखी करार करा आणि त्याची प्रत त्याच्या घरी द्या. चषक एखाद-दोन वर्षं दुसऱ्या पेठेत गेला तर जाऊ द्या.