राजघाट ते राजपिपळा

बस खाली. आणि मध्ये बोलू नकोस. तुझी सगळी कारणं मला पाठ आहेत.

काल चारचौघांत तू सांगत होतास, "माझी नर्मदेची खंड परिक्रमा चालू आहे." चालू? कुठे चालू आहे? 2018 च्या कार्तिकात ओंकारेश्वरला संकल्प केलास. आठ दिवस चाललास, बडवानीजवळ राजघाटाला थांबलास. 2020 च्या जानेवारीत राजपिपळ्याहून विमलेश्वरपर्यंत गेलास. त्यानंतर तुझ्या पायाला नर्मदेची माती लागलेली नाही. बंद पडलेल्या घड्याळाला कुणी चालू म्हणत नाही.

आणि राजघाट ते राजपिपळा? ते कोण चाललं?

खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. राजघाटाला सोडलेलं सूत तू थेट राजपिपळ्याला उचललंस आणि मधले डोंगर तोंडानं पार केलेस. कुणी विचारलं की "एक चतुर्थांश झाली" म्हणतोस. शूलपाणीची झाडी गाळून चतुर्थांश? दक्षिण तटावरचा सगळ्यात कठीण तुकडा तो. भादल, बिलगाव, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाऊलवाटा. तेराशे किलोमीटरच्या नदीत महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला काठ तेवढाच, नंदुरबार जिल्ह्यातला. नेमका तोच तू वगळलास. आपल्या माणसांच्या दारावरून जायची लाज वाटली की भीती?

भीतीच. "तिथे लुटतात" म्हणालास ना मला? जुन्या परिक्रमावासींनी लिहिलेलं वाचून ठेवलंयस. भिल्ल मामा येतात, अंगावरच्या कपड्यांसकट सगळं काढून घेतात. होतं तसं, कोण नाही म्हणतंय? पण आज त्याच पाड्यांवर भिल्ल आणि पावरा घरांतून परिक्रमावासीला भाकर मिळते, ओसरीवर आसन लावायला जागा मिळते. यांतल्या कितीतरी जणांची घरं, शेतं सरदार सरोवराच्या पाण्यात गेली. वर डोंगरात सरकून त्यांनी नव्यानं चूल मांडली. त्या चुलीवरचा चहा ते अनोळखी माणसाला देतात. आणि तू, पगारदार, पाठीवर महागडी सॅक घेतलेला, त्यांना भितोस! ती झाडीही आता पूर्वीची उरलेली नाही. पुष्कळशी पाण्याखाली गेली. उरलेलं तरी बघायचं होतं की नाही?

शब्दाचा अर्थ नीट समजून घे. खंड परिक्रमा म्हणजे तुकड्यातुकड्यांनी. म्हणजे सोयीचे तुकडे निवडून नव्हे. तिचा नियम एका ओळीचा आहे: जिथे सोडली तिथूनच उचलायची. नदी उजव्या हाताला, मध्ये ओलांडायची नाही. अखंड चालणाऱ्यांसाठी तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची जुनी रीत आहे. तेवढा वेळ तुझ्याकडे नाही, मान्य. संसार आहे, हप्ते आहेत. म्हणून तर तुला ही सवलत मिळाली. सवलत घेतलीस आणि नियमही मोडलास. मग हातात काय उरलं?

आणि ही वाट सोपी आहे असं तुला सांगितलं कुणी? अखंड चालणारा घर एकदा सोडतो. तुला बारा वेळा सोडायचं आहे. त्याचे पाय पहिल्या आठवड्यात सोलवटतात, मग घट्ट होतात, पुढे महिनोन् महिने तो चालत राहतो. तुझे पाय प्रत्येक खेपेला नव्यानं सोलवटणार. चौथ्या दिवशी कुठे चाल लागते, आणि दहाव्या दिवशी परतीची गाडी धरायची. पुन्हा ऑफिस, पुन्हा मऊ गादी, आणि पुन्हा तीच उंबऱ्यापाशीची घालमेल. तुझी परीक्षा त्या उंबऱ्यावर आहे. नदीकाठी तू कधीच नापास झालेला नाहीस. घरात नापास होतोस.

बारा कुठून आले म्हणतोस? कागद घे. दोन्ही काठ धरून साधारण 2600 किलोमीटर. रोज 22 चाललास तर दहा दिवसांत 220. म्हणजे बारा खेपा. कार्तिकी एकादशीनंतर एक, माघात एक, वर्षाला दोन. सहा वर्षं. 2018 ला सुरुवात केलीस. 2024 च्या दिवाळीला तू पुन्हा ओंकारेश्वरच्या घाटावर असतास. 2020 आणि 2021 मी सोडून देतो, तेव्हा सगळंच बंद होतं. नंतरच्या वर्षांचं काय? रजा मिळत नाही म्हणतोस. मित्राच्या लग्नाला गोव्यात पाच दिवस काढलेस, ती रजा कुणी दिली?

मग म्हणतोस सोबत मिळत नाही. अरे, "एकट्यानं चालणार" हा संकल्प कुणाचा होता? माझ्यासमोर उभं राहून कोण म्हणालं होतं? आता सोबतीची वाट बघतोस! जबलपूरचे अमृतलाल वेगड चित्रकलेचे शिक्षक होते. 1977 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जबलपूरहून मंडल्याकडे नर्मदेच्या काठानं निघाले. नोकरी, संसार सांभाळून वर्षानुवर्षं तुकडे जोडत राहिले आणि पंचाहत्तरीतही त्या काठानं चालले. त्यांच्याबरोबर माणसं असत, हे मला ठाऊक आहे. पण निघायचं ठरवायला त्यांना माणसं लागली नाहीत. तू अजून चाळिशीतही नाहीस आणि मला गुडघ्याचं सांगतोस?

एकट्याच्या चालण्यात सगळ्यात अवघड काय, तर कुणी बघत नाही. दोन किलोमीटर ट्रॅक्टरवर बसलास तर कुणाला कळणार? कुणालाच नाही. तिथे साक्षीदार तूच आणि न्यायाधीशही तूच. आणि तू स्वतःला फार लवकर निर्दोष सोडतोस. मला खोटं सांगितलंस याचं वाईट वाटतं, पण ते मी गिळीन. स्वतःला सांगून तुला ते खरं वाटायला लागलंय, ते कसं गिळू?

आणखी एक. पहिल्या खेपेला वाळूवर, अगदी पाण्याला लागून झोपलास आणि त्याचा फोटो मला अभिमानानं दाखवलास. तेव्हाच कान धरायला हवा होता. वरच्या अंगाला ओंकारेश्वर, इंदिरा सागर, बर्गी अशी धरणं आहेत. पाणी सोडलं की नदी रात्रीत चढते. 2005 च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला अमावास्येच्या यात्रेला जमलेली माणसं अशीच वाहून गेली. एकटा असलास तर हाक मारून उठवणारंही कुणी नसतं. आसन गावात लावायचं, देवळात, धर्मशाळेत, उंचावर. घाबरायचं तिथे घाबरत नाहीस आणि पाड्यावरच्या माणसांना घाबरतोस!

तुझी पहिल्या खेपेची वही मी वाचली आहे. रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांच्या समाधीपाशी तू दोन तास बसलास आणि चार पानं लिहिलीस. एक शब्द उसना नाही. सदावर्तातून मिळालेला शिधा, चुलीचा धूर, पोळीऐवजी झालेले लगदे, सगळं लिहिलंस. आठ दिवसांत तक्रारीचं एक वाक्य नाही. ती वही वाचली नसती तर आज इतका बोललो नसतो. ज्याला जमत नाही त्याच्यावर मी घसा कोरडा करत नाही. तुला जमतं. जमूनही तू घरात बसलास, याचा राग आहे.

ओंकारेश्वरला भरलेली ती बाटली कुठे आहे? देव्हाऱ्यामागे. काल मी पाहिली, बोटभर धूळ आहे वर. ते पाणी बरोबर घेऊन चालायचं असतं.

नदी तुझ्यासाठी थांबलेली नाही. तू राजघाट सोडलास त्याच्या पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, सरदार सरोवर पहिल्यांदा पूर्ण 138.68 मीटरपर्यंत भरलं आणि राजघाटावर पाणी चढलं. तू ज्या पायरीवर थांबलास ती तुला कदाचित सापडणारही नाही. हरकत नाही. पाण्याची कड असेल तिथे उभा राहा, नर्मदेला डोकं टेक, नदी उजवीकडे घे आणि चालायला लाग. राजपिपळ्यापर्यंत. पलीकडच्या काठाला नेणारी समुद्रातली नाव नंतर. हा तुकडा पुरा झाल्याशिवाय विमलेश्वरला नावेत पाय ठेवायचा नाही.

रजेचा अर्ज इथेच लिही, माझ्यासमोर. हे घे पेन. दहा दिवस नाही, बारा टाक. डोंगरात चाल मंदावते. बडवानीला उतरलास की फोन कर. पुढे रेंज नसते, आणि मला रोज फोन नकोयत. राजपिपळ्याला पोचलास की वही घेऊन ये. बाटली वरून पूस फक्त, आतलं पाणी ओतू नकोस.