एक मूर्ती, दोन पंथ आणि दिवाणी न्यायालय

धर्मपंथात सिद्धांतावरून फूट पडली की मते दोन होतात, अनुयायी दोन गटांत वाटले जातात, पण देऊळ, मूर्ती, दफनभूमी आणि दानपेटी एकच राहते. ती कोणाची, हा प्रश्न शास्त्रार्थाने सुटला नाही की कोर्टात जातो. धार्मिक मालमत्तेचे सगळेच दावे मात्र या जातीचे नसतात. पुण्याजवळच्या चिंचवडला मोरया गोसावींच्या देवस्थानाचा वाद १८८८ साली मुंबई उच्च न्यायालयात गाजला. तिथे गणपतीच्या उपासनेविषयी कोणाचेच दुमत नव्हते. देवस्थानाचे उत्पन्न देव घराण्याचे खासगी की सार्वजनिक विश्वस्त निधी, एवढाच मुद्दा होता. असा वाद सनदा, हिशेब आणि वहिवाट पाहून मिटवता येतो. जिथे पूजा कशी करायची यावरच भांडण आहे आणि त्या पूजेची वस्तू सामाईक आहे, तिथे न्यायाधीशाची खरी कसोटी लागते.

या भांडणाला न्यायालयाचे दार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९ ने उघडले आहे. निव्वळ धर्मविधीचा वाद दिवाणी न्यायालय ऐकत नाही. पण मालमत्तेचा किंवा पदाचा हक्क वादात असेल, तर तो हक्क सर्वस्वी धर्मविधींच्या निर्णयावर अवलंबून असला तरी दावा दिवाणीच ठरतो, असे त्या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. म्हणजे न्यायाधीशाने श्रद्धा खरी की खोटी हे ठरवायचे नाही, पण देवळाची किल्ली कोणाकडे हे ठरवताना श्रद्धेच्या तपशिलात शिरणे त्याला चुकवता येत नाही.

मुंबईच्या न्यायालयांनी सुरुवातीला इंग्लंडमधली कसोटी उचलली. लॉर्ड एल्डन यांनी १८१७ साली एका प्रार्थनागृहाच्या खटल्यात मांडलेले तत्त्व असे, की मालमत्ता ज्या मतासाठी दिली गेली त्या मताला जे धरून राहिले, ती त्यांची. बहुमत कोणाकडे आहे याला महत्त्व नाही. मुंबईत या मार्गाने गेलेला सर्वांत गाजलेला खटला १८६६ चा, खोजा समाजाचा. आगाखानांना कर देण्यास नकार देणारा गट म्हणत होता, की खोजे मुळात सुन्नी आहेत आणि जमातखान्यासह समाजाच्या मालमत्तेवर आगाखानांचा अधिकार नाही. न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड यांना मग खोज्यांच्या धर्मांतराचा सगळा इतिहास तपासावा लागला. पीर सद्रुद्दीन कोण होते, त्यांनी कोणता पंथ शिकवला, अलींना विष्णूचा दहावा अवतार मानणारा ‘दशावतार’ हा ग्रंथ समाजात कोणत्या प्रसंगी वाचला जातो, हे सारे पुराव्यात आले. खोजे मुळापासून शिया इमामी इस्माइली आहेत, असा निष्कर्ष निघाला आणि सुन्नी म्हणवणाऱ्यांचा मालमत्तेवरचा दावा फेटाळला गेला.

ही कसोटी वरकरणी न्याय्य दिसते, कारण दात्याचा शब्द ती पाळते. तिचा दोष स्कॉटलंडमध्ये उघडा पडला. तिथल्या फ्री चर्चने १९०० साली दुसऱ्या एका चर्चशी ऐक्य केले आणि मूठभर धर्मोपदेशक तेवढे बाहेर राहिले. १९०४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने या मूठभरांनाच मूळ मताचे वारस ठरवून चर्चची सगळी मालमत्ता त्यांच्या पदरात टाकली. एवढी प्रार्थनागृहे चालवणे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. शेवटी १९०५ साली पार्लमेंटला कायदा करून वाटणी करावी लागली. विचार बदलण्याची मुभा कोणत्याही जिवंत पंथाला हवी असते. मूळ मताची कसोटी ती मुभा घेणाऱ्याला बेघर करते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली राज्यांना दुसरा मार्ग मोकळा केला. धर्मसिद्धांताला हात न लावता खरेदीखत, चर्चची घटना आणि विश्वस्तांचे दस्त एवढेच वाचून निकाल देता येईल, असे त्या न्यायालयाने मान्य केले.

याच वळणाचा अलीकडचा निकाल मुंबईचाच आहे. दाऊदी बोहरा समाजाचे त्रेपन्नावे दाई कोण, हा दावा २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाला. दाईपदाबरोबर समाजाच्या प्रचंड मालमत्तेचे विश्वस्तपदही येते. आधीच्या दाईंनी ‘नस’ म्हणजे उत्तराधिकाऱ्याची नेमणूक कोणाच्या नावे केली, तिला साक्षीदार लागतात का, एकदा केलेली नस फिरवता येते का, हे प्रश्न सरळसरळ धर्मशास्त्राचे होते. २३ एप्रिल २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी दावा फेटाळला. निकाल श्रद्धेवर नसून पुराव्यावर दिला आहे, हे त्यांनी मुद्दाम स्पष्ट केले.

जैन तीर्थक्षेत्रांच्या वादात मात्र या दोन्ही वाटा बंद आहेत. दिगंबर आणि श्वेतांबर दोघेही स्वतःला महावीरांच्या मूळ संघाचे वारस मानतात आणि त्यांची फूट बहुतेक देवळांहून कितीतरी जुनी आहे. मूर्ती कोणी, कोणत्या पंथासाठी घडवली याचे दानपत्र बहुधा सापडत नाही. महाराष्ट्रात या वादाचे सर्वांत लांबलेले उदाहरण वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरचे आहे.

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची काळी, अर्धपद्मासनातली मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा आहे. एलिचपूरच्या म्हणजे आजच्या अचलपूरच्या राजाची कथा दोन्ही पंथ सांगतात. राजाचे नाव आणि प्रतिष्ठा करणारे आचार्य यांविषयी मात्र त्यांचे एकमत नाही. देवळाची व्यवस्था बराच काळ पोळकर या जैनेतर पुजारी घराण्याकडे होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती जैनांच्या हाती आली आणि तोवर पोळकरांशी असलेला वाद जैनांच्या दोन पंथांत सुरू झाला.

वादाचे मूळ समजायला मूर्तीजवळ जावे लागते. दिगंबरांच्या दृष्टीने तीर्थंकर हा वीतराग, सर्वस्व सोडलेला. अंगावर एक धागा जरी राहिला तरी तो परिग्रहच. म्हणून मूर्ती नग्न, निराभरण, दृष्टी खाली वळलेली हवी. श्वेतांबर भक्त त्याच तीर्थंकराला त्रिलोकाचा स्वामी म्हणून पूजतो. तो मूर्तीला चक्षू लावतो, कपाळी टिळा लावतो, मुकुट चढवतो, अंगी रचतो. चक्षू आणि मुकुट काढता-घालता येतात. पण शिरपूरच्या मूर्तीवर लेप आहे आणि त्या लेपातच कमरेला कटिसूत्र आणि त्याखाली कच्छोटा, म्हणजे कासोट्याचे टोक, उठावाने घडवलेले आहे. ही दोन चिन्हे राहिली तर दिगंबराच्या लेखी समोरची मूर्ती वस्त्रधारी होते. पुसली तर श्वेतांबराच्या लेखी ती भंगते. बाहेरच्या माणसाला बोटभर रुंदीच्या रेघेवरून हे भांडण हास्यास्पद वाटेल. तसे समजणे अन्यायाचे आहे. वैराग्य म्हणजे काय आणि भक्ती म्हणजे काय, याचे दोन्ही पंथांचे उत्तर त्या रेघेत आलेले आहे.

१९०५ साली दोन्ही पंथांनी आपसात समझोता केला. पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. आपापल्या वेळेत प्रत्येकाने आपल्या रीतीने पूजा करावी, दुसऱ्याच्या वेळेत आड येऊ नये. या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच, आणि ती कोणा न्यायाधीशाची नव्हती. काही वर्षांतच ती कोलमडली. श्वेतांबरांनी १९०८ च्या सुमारास मूर्तीला नवा लेप दिला, त्यातले कटिसूत्र आणि कच्छोटा दिगंबरांनी छिलून काढल्याची तक्रार झाली आणि १९१० साली श्वेतांबरांनी अकोल्याच्या न्यायालयात दावा लावला.

अकोल्याचा निकाल १९१८ चा. नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या न्यायालयाने १९२३ साली तो फिरवला. देवळाची आणि मूर्तीची व्यवस्था श्वेतांबरांकडे. कटिसूत्र, कच्छोटा आणि लेप यांसह मूर्ती राखण्याचा हक्क त्यांचा. दिगंबरांना १९०५ च्या व्यवस्थेप्रमाणे पूजेचा हक्क, मात्र लेपाला आणि त्या दोन चिन्हांना हात लावण्यास कायमची मनाई, असा तो हुकूमनामा होता. जुलै १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो कायम केला. हा वाद वऱ्हाडातल्या खेड्यातून लंडनपर्यंत जायला एकोणीस वर्षे लागली.

प्रिव्ही कौन्सिलपुढे याच दोन पंथांचा दुसरा वाद १९३३ साली गेला, तो सम्मेद शिखरजीचा. तिथल्या टोकांवर, म्हणजे शिखरांवरच्या देवळ्यांत, तीर्थंकरांची चरणचिन्हे पूजली जातात. त्यांपैकी तीन ठिकाणी श्वेतांबरांनी नवे चरण बसवले होते आणि त्यांत बोटांची नखे कोरलेली होती. पायाचा ठसा दिगंबरांना पूज्य आहे. पण नखे दाखवली की तो ठसा राहत नाही, शरीराचा सुटा अवयव होतो, आणि त्याची पूजा त्यांना वर्ज्य आहे. न्यायालयाने दिगंबरांची ही तक्रार मान्य केली. शिवाय हा अन्याय एकदा होऊन संपलेला नाही, ते चरण तिथे आहेत तोवर रोज घडतो आहे, म्हणून दाव्याला मुदतीची बाधा येत नाही, असेही सांगितले. मुदत कायद्यातल्या ‘चालू राहणाऱ्या अन्याया’चे उदाहरण म्हणून भारतीय वकील आजही या निकालाचा दाखला देतात.

शिरपूरला श्वेतांबरांची सरशी झाली आणि शिखरजीच्या चरणांबाबत दिगंबरांची, म्हणून दोन निकाल परस्परविरोधी वाटतात. तसे ते नाहीत. दोन्हीकडे न्यायालयाने पाहिले ते एवढेच, की सामाईक पूजेची वस्तू आधी कोणत्या रूपात होती आणि तिचे रूप कोणी बदलले. वेळ वाटता येते. चक्षू, मुकुट, फुले, प्रक्षाल यांची पाळी लावता येते, कारण एका पंथाची पूजा आटोपली की तिची खूण उरत नाही. कोरलेले नख आणि लेपातला कच्छोटा मात्र दुसऱ्याच्या पाळीतही जागेवरच असतो. रूपाची वाटणी होत नाही, म्हणून तिथे न्यायालयाला एकाची बाजू घ्यावीच लागते, आणि निकाल कितीही काळजीपूर्वक लिहिला तरी दुसऱ्याच्या वाट्याला रोजची सल येते.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात या दाव्यांना आणखी एक दालन मिळाले. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने देवस्थानांची नोंदणी आणि हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आणले. विश्वस्त बदलले की फेरफार अहवाल, ज्याला कोर्टाच्या आवारात सगळे ‘चेंज रिपोर्ट’च म्हणतात, तो दाखल करावा लागतो. पंथभेदाचे भांडण आता पुष्कळदा या कागदावरून सुरू होते: निवडणूक घटनेप्रमाणे झाली का, सभासद कोण, अमक्या आचार्यांना मानणारा सभासद राहू शकतो का. या कायद्याला एका जैन मंदिराच्या व्यवस्थापकांनी आणि पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनी आव्हान दिले होते. १९५४ साली रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी टिकवला आणि काही कलमे रद्द केली. संविधानाच्या अनुच्छेद २६ प्रमाणे धर्माच्या बाबतीत संप्रदाय स्वतंत्र आहे, मालमत्तेची व्यवस्था मात्र त्याने कायद्याप्रमाणे पाहायची, हा भेद त्या निकालात स्पष्ट झाला. कागदावर हा भेद स्वच्छ दिसतो. लेप ही मालमत्तेची डागडुजी की धर्माची बाब, असे विचारले की तो पुसट होतो.

शिरपूरचा हुकूमनामा नेमका इथेच अडला. लेप झिजतो, तो ठरावीक काळाने पुन्हा द्यावा लागतो आणि दर वेळी जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. अंमलबजावणीचे अर्ज, उलट दावे, मनाई हुकूम असे चक्र चालू राहिले. १९८१ साली देवळाला कुलूप लागले. पुढची ४२ वर्षे दोन्ही पंथांचे भाविक झरोक्यातून दर्शन घेऊन परत जात होते. व्यवस्था ज्यांची ठरली होती त्यांना लेप देता आला नाही आणि पूजेचा हक्क ज्यांचा ठरला होता त्यांना पूजा करता आली नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्वेतांबरांना लेप देण्याची परवानगी दिली आणि मार्चमध्ये दार उघडले. त्याच महिन्यात देवळाच्या आवारात दोन गटांत हाणामारी झाली आणि पोलीस बंदोबस्त लावावा लागला. व्यवस्था आणि लेप श्वेतांबरांचा, पूजेचा हक्क दोघांचा, ही १९२९ पासूनची कायदेशीर स्थिती आहे. पूजेच्या वाटणीसाठी त्या निकालाने आधार घेतला तो १९०५ च्या समझोत्याचा, आणि तो दोन्ही पंथांच्या माणसांनी समोरासमोर बसून केलेला होता.