इदं न मम

होमात आहुती टाकली की भटजी 'इदं न मम' म्हणायला लावतात. हे आता माझं नाही. हे वाक्य आपल्या तोंडी येतं ते एखाद्या मुंजीला नाहीतर वास्तुशांतीला. पण त्यातलं तत्त्वज्ञान मध्यमवर्गीय माणूस रोज सकाळी न चुकता आचरतो. केराची बादली दाराबाहेर ठेवली, की इदं न मम! पुढे तो केर कुठल्या योनीत जन्म घेतो याची आपल्याला पर्वा नसते. इतकी कडक अनासक्ती हिमालयातही कुणाला साधली नसेल.

या अनासक्तीला घरात एकच अपवाद : सेल. (मराठीत उजेड पाडते ती बॅटरी आणि तिच्या पोटात जातो तो सेल. बाकीच्यांनी यात जो गोंधळ घातलाय तो त्यांचा त्यांनी निस्तरावा.) सेल संपला हे आपण चटकन मान्य करीत नाही. रिमोट चालेनासा झाला की आधी तो तळहातावर आपटायचा, मग आतले सेल जागच्या जागी फिरवायचे, मग त्यांची अदलाबदल करायची आणि शेवटी त्यांना गच्चीवर सांडग्यांशेजारी उन्हात घालायचं. गंमत म्हणजे हे अगदीच खुळचटपणाचं नाही. उबेनं आतली रसायनं जरा लगबग करतात आणि सेल जाता जाता दोन बातम्यांपुरता जीव धरतो. शिवाय कॅमेऱ्यानं बाद केलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात पुढे कित्येक दिवस सुखानं नांदतो, कारण घड्याळाची भूक चिमणीची. निवृत्त माणसाला सोसायटीचा सेक्रेटरी करतात, त्यातलाच प्रकार.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या मंडळींनी २०१५ साली या विषयात लक्ष घातलं. अल्कलाइन सेल टेबलावर उभा सोडला तर नवा असेल तो धप्पकन बसतो आणि वापरलेला उडी मारतो. आतल्या जस्ताचं ऑक्साइड होत जातं आणि त्याला स्प्रिंगचा गुण येतो. मात्र उडी मारली म्हणजे संपला असं नव्हे. साधारण अर्धा खर्च झाला की त्याला पूर्ण उडी साधते. यात मला नवल वाटलं नाही. कचेरीतही नवी मंडळी खुर्चीत गप्प बसत. अर्धी नोकरी उरकली की उड्या सुरू.

निवडताना फार डोकं लागत नाही. घड्याळाला साधा, स्वस्त सेल पुरतो. नातवाच्या आगगाडीला चार्ज होणारे घ्यावेत, ते शेकडो वेळा भरता येतात. जुना आणि नवा मात्र शेजारी घालू नयेत. नव्याच्या जोरानं जुना उलटा ढकलला जातो आणि मग पाझरतो.

खरी अडचण पुढे आहे. आपटून, फिरवून, वाळवून झालं. सेल खरोखरच गेला. आता?

आता तो भाजीच्या देठांत लपवून बादलीत. इदं न मम. पण आपल्याच धर्मशास्त्रात दानाची एक अट आहे : ते घेणाऱ्यानं स्वीकारावं लागतं. नुसतं हातातून सुटलं म्हणजे दिलं असं होत नाही. मग माझा गळका सेल स्वीकारला कुणी? बादली रिकामी करणाऱ्या मावशींनी? त्यांनी ओला घेतला, सुका घेतला. देठांत दडलेल्या त्या गृहस्थाविषयी त्यांना कुणी विचारलंच नाही. कचरा निवडताना तो त्यांच्या बोटांना लागतो, आणि हातात मोजे असतातच असं नाही. अल्कलाइन सेलमधून पाझरतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. त्यानं कातडी भाजते. मोबाइलमधला लिथियमवाला तर कचऱ्याच्या गाडीत दबला की पेटही घेतो.

सरकारलाही हा प्रश्न पडलेला दिसतो. २०१६ च्या नियमांत वापरलेल्या सेलला 'घरगुती घातक कचरा' म्हटलं होतं आणि २०२२ च्या नियमांनी तो परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली. म्हणजे कायद्यानं स्वीकारणारा सापडला. तो आमच्या गल्लीत कुठं राहतो ते कळेना, म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं.

"काका, आम्ही विकतो," तो म्हणाला. "घेत नाही."

तेव्हापासून लोणच्याची एक प्लॅस्टिकची बरणी रिकामी करून त्यात सेल साठवतोय. टोकांना चिकटपट्टी लावायची, म्हणजे ते आपापसात भिडत नाहीत. बरणी उंचावर ठेवायची, कारण बटणासारखा चपटा सेल पोरानं गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. कुठं ई-कचरा गोळा करणार असं कळलं की बरणी घेऊन जायचं आणि समोरच्याला आधी विचारायचं, "सेल घेता ना?" तो 'हो' म्हणाला की बरणी उपडी करायची.

सध्या बरणीत एकोणीस आहेत. परवापर्यंत वीस होते. एक हिनं चिकटपट्टी सोलून स्वयंपाकघरातल्या घड्याळात घातला. चालतोय.