शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे म्हणताना आपण एक गोष्ट गृहीत धरीत असतो आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. भांडे एक, पाणी एक आणि खालचा जाळही एक, म्हणून एक शीत चेपले की बाकीच्यांविषयी बोलता येते. संस्कृतात यालाच स्थालीपुलाकन्याय म्हणतात. स्वयंपाकघरात हा न्याय बहुधा खरा ठरतो. पण जिथे प्रत्येक दाणा वेगळ्या भांड्यात शिजलेला असतो, तिथे त्याचे काय होते? हा प्रश्न आम्हांला सुचला तो स्वयंपाकघरात नव्हे, तर एका परदेशस्थ आप्ताच्या बंदुकीपाशी. तो सुचण्याचे मूळ मात्र आपल्या या सुरत शहरातच आहे, म्हणून आधी त्याविषयी.

सुरतेत राहणाऱ्याला परीक्षेचे दोन प्रकार लहानपणीच कळतात. सोने कसोटीच्या काळ्या दगडावर घासले, की त्याची रेघ उमटते. सोने जवळपास जसेच्या तसे राहते आणि त्याचा कस कळतो. जरीचे तसे नाही. जुन्या शालूची अथवा पैठणीची जर खरी किती, हे निर्विवादपणे ठरवायचे तर ती जाळून मागे चांदी किती उरते हे पाहावे लागते. म्हणजे उत्तर मिळते तेव्हा जर उरलेली नसते. पहिल्या परीक्षेत वस्तू वाचते, दुसरीत ज्ञान वाचते आणि वस्तू जाते. आमच्या आजीच्या पिढीतील बायका जरीचा धागा बोटांवर फिरवून, वासावरून, वजनावरून अंदाज बांधीत; दारावर येणाऱ्या जुन्या जरीच्या खरेदीदाराच्या हाती पदर द्यायला मात्र त्या तयार नसत. त्यांचे म्हणणे असे, की कळेल खरे, पण मग नेसणार काय?

बंदुकीची गोळी ही या दुसऱ्या जातीची आहे. आमचे हे आप्त अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात गेली बरीच वर्षे स्थायिक आहेत. त्यांच्यापाशी एक जुन्या धाटणीची, घोड्याखालची कडी पुढे ढकलून आणि मागे ओढून भरायची रायफल आहे. तिकडे तिला लिव्हर-ॲक्शन म्हणतात. विंचेस्टर कंपनीचे १८७३ आणि १८९४ सालचे नमुने हे या जातीचे नावाजलेले घराणे. आप्त त्या रायफलीच्या गोळ्या विकत घेत नाहीत, स्वतः ओततात, आणि काडतुसेही स्वतः भरतात. तिथल्या कायद्याने ते मुक्त आहेत. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात दारूगोळा बनविणे आणि विकणे यांच्या जोडीनेच त्याची चाचणी घेणे, तो तपासून सिद्ध करणे, ही कृत्येही परवान्याच्या कक्षेत घातलेली आहेत. कायदा लिहिणाऱ्यांना तत्त्वज्ञान सांगायचे नव्हते हे उघड आहे. पण बनविणे आणि पारखणे ही सारख्याच जबाबदारीची कामे आहेत, ही गोष्ट त्यांच्याकडून एका ओळीत लिहिली गेली.

ओतकाम पाहताना आम्हांला पहिला धक्का बसला तो त्या साच्याने. आमच्या घरात एक लोखंडी वस्तू होती. आमचे पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत सोनगडला होते, तेव्हापासूनची ती असावी. लहानपणी आम्ही तिला मोडका अडकित्ता समजत असू, कारण तिला दोन दांड्या होत्या आणि सुपारी मात्र कापली जात नसे. आप्तांच्या हातात तसाच अडकित्ता पाहिला तेव्हा कळले, की तो गोळीचा साचा होता. सुरतेच्या वखारीत इंग्रज व्यापारी सतराव्या शतकात बनात, पारा, कथील यांबरोबर शिसेही उतरवीत असत. त्या शिशातील काही आमच्या साच्यापर्यंत पोचले होते काय, याचा शोध घेण्याची आता सोय नाही.

शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणजे चुलीवरही वितळेल. पण नुसते शिसे मऊ पडते. वेगाने नळीतून जाताना ते नळीच्या आट्यांवर चढून बसते आणि नेम बिघडवते. म्हणून त्यात थोडे कथील घालतात, म्हणजे रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट उतरतो. आणि अँटिमनी घालतात, म्हणजे गोळी कठीण होते. फार कठीण झाली तरीही बिघाड, कारण मग ती नळी नीट भरून काढीत नाही आणि वायू बाजूने निसटतो. साचा थंड असताना पडलेल्या पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात. त्या पुन्हा भांड्यात जातात. गोळीच्या अंगावर खाचा असतात, त्यांत मेणाचे वंगण भरतात. आणखी एक गोष्ट आप्तांनी सांगितली, ती आमच्या ध्यानात राहिली: गोळीच्या नाकावरचा डाग एक वेळ चालतो, बुडाचा चालत नाही. नळीतून बाहेर पडताना शेवटी सुटते ते बूड. ते वाकडे असेल तर मागून येणारा वायू गोळीला एका बाजूने ढकलतो. नाक मात्र मुद्दाम बोथट ठेवतात. या रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकापाठोपाठ एक बसतात. मागच्याचे नाक पुढच्याच्या टोपीला टेकलेले असते, आणि टोकदार नाकाने तिथेच अनर्थ होऊ शकतो.

इतकी काळजी घेणाऱ्या माणसाविषयी आदर वाटावा, आणि तो आम्हांला वाटलाच. त्यानंतर ते मैदानावर गेले आणि पाच गोळ्या झाडल्या. चार भोके एका सुपारीएवढ्या जागेत पडली, पाचवे चार बोटे दूर. ते म्हणाले, "हा सोडा. माझा हात हलला." वहीत चारांचा झुबका लिहिला गेला. पुढच्या पाचांत एक असाच भरकटला. तेव्हा वारा होता. तिसऱ्या खेपेला पाचही जवळजवळ पडल्या. तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

आम्ही काही बोललो नाही. पाहुण्याने बोलायचे नसते, आणि बंदुकीतले आम्हांला कळते तरी काय. पण त्या वेळी मनात आले ते असे: जी गोळी तपासली ती उरली नाही, आणि जी पेटीत उरली आहे ती कुणी तपासलेली नाही. खिशातल्या कागदाने साक्ष दिली होती ती गेलेल्या गोळ्यांची. पेटीतल्या गोळ्यांविषयी तो फक्त अंदाज बांधू देत होता. आणि त्या अंदाजातूनही गैरसोयीची शिते आधीच वेचून काढलेली होती. चार्वाकांनी अनुमानावर घेतलेला आक्षेप आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि त्यांना हट्टी म्हणून सोडून देतो. परंतु अनुमान करणाराच साक्षीदारांची निवड करीत असेल तर चार्वाकांचे काय चुकले?

हा मोह व्यक्तीपुरताच आहे असेही नाही. विंचेस्टर कंपनीने १८७५ च्या सूचिपत्रात जाहीर केले होते, की चाचणीत ज्या नळ्यांचा नेम असाधारण दिसेल त्या बाजूला काढून, त्यांवर 'हजारांत एक' अशी अक्षरे कोरून त्या रायफली शंभर डॉलरला विकल्या जातील. अशा रायफली फार थोड्याच निघाल्या आणि आज त्यांना मोठी किंमत येते. त्या नळ्या चांगल्या नव्हत्या असे आम्ही म्हणत नाही. पण हजार नळ्यांतून थोड्या गोळ्यांवर निवड केली, तर निवडलेल्यांत काही गुणवान असतात आणि काही त्या दिवशी नशीबवान. कागदावरची भोके पाहून त्यांतला भेद कुणालाही सांगता येत नाही. थोड्या गोळ्यांचा झुबका नेहमीच लहान दिसतो. झाडीत गेले की तो पसरत जातो, हे साधे गणित आहे.

इथे स्वप्नील कुसाळे यांची आठवण येणे स्वाभाविक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या या तरुणाने २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. पात्रता फेरीत गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने अशा वीस-वीस, एकूण साठ गोळ्या मोजल्या जातात. त्यांची बेरीज ५९० होती; सहाशेतून दहा गुण गेले. ते दहा गुण वाऱ्याने गेले, श्वासाने गेले की काडतुसाने, हे विचारणारे तिथे कुणी नसते. स्पर्धेला इतका मान मिळतो तो यामुळे, की नेमबाजाला स्वतःची गोळी नाकारण्याचा अधिकार तिथे नाही. एकांतातल्या परीक्षेत तो अधिकार आपण स्वतःला देतो, आणि तो देताना आपण काही देत आहोत हेही जाणवत नाही.

पण स्वतःच्या प्रत्येक गोळीचा हिशेब ठेवला म्हणजे परीक्षा पुरी झाली, असेही आम्हांस वाटत नाही. १८५७ सालचे एनफिल्डचे काडतूस यंत्र म्हणून उत्तम होते. आट्यांची नळी, लांब पल्ला, आधीच्या बंदुकीहून कितीतरी सरस नेम. ज्या ज्या कसोट्या लावल्या गेल्या त्या सर्वांना ते उतरले होते. न लावलेली कसोटी एकच होती, ते दातांनी फाडणाऱ्या शिपायाची. जानेवारीत कलकत्त्याजवळच्या दमदमला चरबीची वार्ता फुटली. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने शिपायांना स्वतःच्या पसंतीचे वंगण लावण्याची मुभा दिली, पुढे दातांऐवजी हाताने फाडण्याची कवायतही आणली. मेण आणि तूप चालेल, असे सांगितले गेले. तोवर संशय वंगणावरून कागदाच्या चकाकीवर गेला होता. मेरठला २४ एप्रिलला पंचाऐंशी स्वारांनी जी काडतुसे नाकारली ती जुन्याच पद्धतीची होती, असे इतिहासकार सांगतात. म्हणजे वस्तू निर्दोष होती. देणाऱ्याचा शब्दच परीक्षेला उतरत नव्हता. आमच्या आप्तांच्या भांड्यातही मेणच होते. ते त्यांनी स्वतः वितळविले होते आणि त्यात काय आहे हे त्यांना ठाऊक होते. स्वतः बनविण्याचे सारे समाधान कदाचित इतक्यातच असेल.

त्याच दमदमच्या कारखान्यात चाळीस वर्षांनी कॅप्टन बर्टी-क्ले याने उघड्या नाकाची, लागताच पसरणारी गोळी तयार केली. १८९९ च्या हेगच्या परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असे ठरले. ब्रिटिश प्रतिनिधी जनरल आर्डा यांनी विरोध केला. साधी गोळी 'रानटी' शत्रूला थोपवीत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ब्रिटनने ते बंधन १९०७ साली मान्य केले. आता गंमत पाहा. त्याच इंग्लंडात आज हरणाची शिकार रायफलीने करायची तर पसरणारीच गोळी हवी, असे कायदा सांगतो, कारण न पसरणारी गोळी आरपार जाते आणि जनावर तडफडत मरते. जो मऊपणा माणसाच्या बाबतीत क्रौर्य ठरला, तोच हरणाच्या बाबतीत दया. कागदाच्या निशाणावर मात्र दोन्ही गोळ्यांचे भोक सारखेच. गोळी कुठे लागली हे कागद सांगतो, कशाला लागणार आहे हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. आमच्या वडीलधाऱ्यांतील ज्यांनी डांगच्या जंगलात शिकारी केल्या, त्यांच्या गोष्टींतही नेमाचे कौतुक पुष्कळ असे आणि जनावराविषयी क्वचितच काही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्या गोष्टी संपल्या; आम्हांला त्याचे दुःख नाही.

आप्तांची हकिकत अजून थोडी उरली आहे. त्या वर्षी शिकारीच्या हंगामात ते रानात गेले. साठ पावलांवर हरिणी उभी होती, हात स्थिर होता, वारा नव्हता. गोळी पोटात लागली. रक्ताचे थेंब दुपारपर्यंत दिसत होते, मग ओढ्यापाशी नाहीसे झाले. अंधार पडेपर्यंत त्यांनी शोधले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. हरिणी सापडली नाही. हात हलला नव्हता, तेव्हा आता दोष कुणाला द्यायचा, हे त्यांनी आम्हांला दूरध्वनीवर विचारले. वहीतून वगळलेल्या त्या पाचव्या गोळीचे नाव आम्ही घेतले नाही. त्यांनीच घेतले.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडून एक पाकीट आले. आत निशाणाचा एकच कागद. त्यावर भोके होती दहा. नऊ जवळजवळ आणि एक कडेला, जवळपास कागदाबाहेर. त्या एका भोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले होते आणि खाली तारीख घातली होती. शिकारीचा परवाना त्यांनी यंदाही काढलेला नाही, असे त्यांच्या पत्नीकडून कळले. साचा मात्र अजून तेल लावून ठेवतात.