युद्धाचा दोष कोणाच्या माथीं?

महायुद्धाची कथा कोठून सांगावयास लागावें हें एकदां ठरलें, कीं अपराधी कोण हेंहि बहुधा ठरून जातें. १९१४ चेंच युद्ध घ्या. २८ जूनला साराजेव्हो येथें ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, तेथून आरंभ केला तर सर्बिया दोषी. ५ जुलैला जर्मनीनें ऑस्ट्रियास बिनशर्त पाठिंब्याचें वचन दिलें, तेथून केला तर जर्मनी. ३० जुलैच्या सार्वत्रिक सैन्यसज्जतेच्या हुकुमापासून केला तर रशिया. भारतीय युद्धाविषयीं आपणहि हेंच करीत आलों आहों. कोणी द्यूतापासून आरंभ करतो, कोणी भीष्मप्रतिज्ञेपासून.

१९१९ च्या व्हर्सायच्या तहांतील २३१ व्या कलमानें सारी जबाबदारी जर्मनी व तिचे सहकारी यांच्यावर टाकली. जेत्यांनीं लिहिलेला निवाडा तो. जर्मन पंडितांना कसा रुचावा? १९२८ सालीं सिडने फे या अमेरिकन इतिहासकारानें तो दोष सर्वांत वांटून दिला. १९६१ सालीं फ्रिट्झ फिशर या जर्मनानेंच तो पुनः स्वदेशाच्या पदरांत घातला व स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. २०१२ सालीं ख्रिस्तोफर क्लार्क यांनीं त्या वेळच्या मुत्सद्द्यांना झोपेंत चालणाऱ्यांची उपमा दिली.

उपमा मोहक आहे. मला ती पटत नाहीं. झोपेंत चालणाऱ्याला आपण दोष देत नाहीं, कारण तो जागा नसतो. २८ जुलैच्या सकाळीं कैसर विल्हेल्म चांगला जागा होता. सर्बियाचें उत्तर वाचून त्यानें स्वतः लिहिलें कीं, आतां युद्धाला कारणच उरलें नाहीं. ऑस्ट्रियानें बेलग्रेड घेऊन तेथेंच थांबावें. त्याच दिवशीं ऑस्ट्रियानें युद्ध पुकारलें. चॅन्सेलर बेथमान-होल्वेगनें कैसरची सूचना व्हिएन्नांतील जर्मन वकिलास रात्रीं कळविली. तींतून युद्धाचें कारण उरलें नाहीं हें वाक्य गाळलें, आणि आपण ऑस्ट्रियाला आवरूं पाहतों असा ग्रह होऊं देऊं नये, अशी वर ताकीद दिली!

इतिहासकार म्हणतात, आमचें काम कारणें शोधण्याचें, न्याय देण्याचें नव्हे. मैत्रीचे करार, आरमारी चढाओढ, सैन्याच्या आगगाड्यांचीं वेळापत्रकें, हीं सारीं कारणें खरींच. परंतु वेळापत्रकाला जाब विचारतां येत नाहीं. तें वाक्य गाळणाऱ्याला विचारतां येतो. तार वेळेवर आणि जशीच्या तशी गेली असती तर युद्ध टळलें असतें काय, हें कोणीच सांगूं शकणार नाहीं. बेथमान-होल्वेगवरील माझा आक्षेप मात्र त्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून नाहीं.