वेतोबाला त्या रकान्यातून काढ

मिरज

चि. मुक्तास,

तुझा तक्ता मिळाला. ‘जगभरचे रक्तपिपासू’ हे शीर्षक लाल शाईनं, खाली ओघळ सोडून काढलंयस, ते झकास. तपासून दे म्हणालीस म्हणून चष्मा लावून बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. भारताच्या रकान्यात तू वेताळाला घातलंयस, तेही ड्रॅक्युलाच्या शेजारी.

दोष तुझा नाही. रिचर्ड बर्टन नावाच्या साहेबानं १८७० मध्ये वेताळाच्या काही गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाच्या नावातच त्याला व्हॅम्पायर करून टाकलं. तेव्हापासून बिचारा या पंगतीत बसलाय. वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला लोंबकळतो, कोडी घालतो, सगळं खरं. पण विक्रमाच्या खांद्यावर बसून, तोंड मानेशी, इतक्या खेपा केल्या त्यानं, आणि एकदाही दात लावला नाही. कोकणात तर तो देवच आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. लोक त्याला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण रात्रभर गावाची राखण करत फिरताना त्याच्या चपला झिजतात. गावासाठी चपला झिजवणाऱ्याला रक्तपिपासू म्हणायचं? खोड ते.

खऱ्या व्हॅम्पायरचा पत्ता हवा असेल तर सर्बियात जा. तिथली भुताखेतांची समजूत जुनीच, पण हा शब्द युरोपभर पसरला तो सरकारी कागदांमधून. १७१८ च्या तहात सर्बियाचा मोठा भाग तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे आला. १७२५ मध्ये किसिल्येवो गावात पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला, आणि पुढं आठ दिवसांत नऊ माणसं गेली. मरताना ती म्हणाली, पेतार रात्री येऊन गळा दाबतो. गावकऱ्यांनी ऑस्ट्रियन अंमलदाराला गाठलं आणि थडगं उघडायची परवानगी मागितली. फ्रोमबाल्ड त्याचं नाव. तो म्हणाला, वरिष्ठांना विचारतो. गाव म्हणालं, तुमचं उत्तर येईस्तोवर इथं कोणी उरणार नाही. (सरकारी दप्तराचा गावकऱ्यांना किती नेमका अनुभव असतो बघ.) शेवटी तो पाद्र्याला घेऊन गेला. पुरल्याला दहा आठवडे झाले होते, तरी प्रेत ताजं दिसत होतं. केस, दाढी, नखं वाढल्यासारखी, जुनी कातडी सुटून खाली नवी, तोंडाशी रक्त. लोकांनी छातीत टोकदार लाकूड ठोकलं, तर कानातोंडातून आणखी रक्त आलं. मग प्रेत जाळलं. फ्रोमबाल्डनं हे सगळं लिहून पाठवलं आणि त्याच वर्षी ते व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आलं.

आता मी डॉक्टर म्हणून सांगतो. त्यानं जे लिहिलं ते त्यानं पाहिलंच असणार. थंड, दाबलेल्या मातीत प्रेत हळू कुजतं. पोटात वायू साठून ते फुगतं, म्हणून माणूस खाऊनपिऊन लठ्ठ झाल्यासारखा दिसतो. तोच वायू फुप्फुसातला लालसर द्रव तोंडावाटे बाहेर ढकलतो. कातडी आक्रसली की नखं लांब वाटतात. वरचा थर सुटला की खालचा कोवळा दिसतो. फुगलेल्या छातीत लाकूड ठोकलं तर आवाजही निघेल. तपासणीच्या टेबलाशी मी यातलं बरंच पाहिलंय, आणि पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीसुद्धा मागं सरलो होतो. किसिल्येवोच्या लोकांना अडाणी म्हणणं सोपं आहे. मेलेला माणूस दहा आठवड्यांनी कसा दिसतो, हे तुझ्या शाळेतल्या तरी कोणाला माहीत आहे? पुढं १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या वैद्यानं, व्हान स्वीटननं, असंच काहीसं लिहिलं आणि तिनं थडगी उकरायला बंदी घातली.

वेताळाच्या जागी कोण, असं विचारशील. हडळ घाल. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते, ही आपल्याकडची समजूत. मलय लोकांत अशा बाईची पोंटियानाक होते. बोर्निओत त्याच नावाचं अख्खं शहर आहे. दोन्हीकडे, ज्या घराला तिला वाचवता आलं नाही, तेच तिला घाबरतं. कोकणात अशा बाईला स्मशानात नेताना मागं वाटेवर राळ्याचे दाणे टाकत जायचे. एका रात्रीत सगळे वेचले तरच ती घरी परतू शकते, म्हणून. आणि गंमत बघ, स्लाव लोकही थडग्याशी बारीक दाणे टाकायचे, आतला मेलेला ते मोजत बसावा म्हणून. राळ्याची ही नोंद ज्या इंग्रजी संग्रहात सापडते, त्याचं साहित्य जमवलं होतं जॅक्सननं, १९०९ मध्ये अनंत कान्हेरेनं नाशिकच्या नाटकगृहात ज्याला गोळी घातली तोच कलेक्टर. त्याच्यामागं ते कागद एन्थोव्हेननं छापले. इतिहासाच्या पेपरात हे कोणी विचारणार नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तक्त्यात एक नाव मात्र नाही, आणि ते मला सगळ्यांत जवळचं. मर्सी ब्राऊन. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात एक्झिटर नावाचं गाव. जॉर्ज ब्राऊन या शेतकऱ्याची बायको १८८३ मध्ये क्षयानं गेली, पाठोपाठ थोरली मुलगी. मग मुलगा एडविन खोकू लागला. हवापालटासाठी तो कोलोरॅडोला गेला. दरम्यान धाकटी मर्सी आजारी पडली आणि जानेवारी १८९२ मध्ये गेली. वय १९. एडविन परत आला तोही खंगलेलाच. शेजारी जॉर्जच्या मागं लागले की तुझ्या मेलेल्यांपैकीच कोणीतरी याला खातंय. जॉर्जचा विश्वास नव्हता, पण त्यानं प्रेतं तपासायला होकार दिला. एकच मुलगा उरलेला बाप दुसरं काय करणार? १७ मार्चला तिघींना पाहिलं. आई आणि थोरली, जवळजवळ नुसती हाडं. मर्सी ऐन हिवाळ्यात गेलेली, दोनच महिने झालेले. तिच्या काळजात रक्त सापडलं. हजर असलेल्या डॉक्टरनं सांगितलं की हे स्वाभाविक आहे, आणि फुप्फुसं बघा, त्यांत क्षय आहे. कोणी ऐकलं नाही. काळीज जाळून राख पाण्यात कालवली आणि भावाला पाजली. २ मे रोजी एडविन गेला.

कॉख नावाच्या डॉक्टरनं बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला तो २४ मार्च १८८२ रोजी. म्हणजे एक्झिटरला कुदळ पडली तेव्हा त्याला दहा वर्षं होत आली होती. पण त्याआधी किती डॉक्टर क्षय रक्तातूनच, आईबापांकडून येतो असं मानत, हेही लक्षात घे. ‘पहिला गेलेला मागच्यांना ओढतो’ म्हणणारी खेडवळ माणसं त्यांच्यापेक्षा खऱ्याच्या जवळ होती. एकाकडून दुसऱ्याला जातं, हे त्यांनी ओळखलं होतं. कोणाकडून आणि कसं, तिथं चुकली.

आपण प्रेत जाळतो, त्यामुळं उकरायला फारसं काही उरत नाही. मग बोट जिवंत माणसाकडे वळतं. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, सत्तरच्या दशकात. एका घरातले दोन भाऊ वर्षभरात क्षयानं गेले. थोरल्याची विधवा बावीस वर्षांची. सासू सगळ्यांसमोर म्हणाली, पांढऱ्या पायाची, हिनं घर खाल्लं. मी घरातल्या सगळ्यांच्या छातीचे फोटो काढवले. तिची फुप्फुसं स्वच्छ होती. जंतू सापडले ते सासऱ्याच्या थुंकीत. वीस वर्षांचा ‘दमा’ घेऊन तो ओसरीवर पानाचा डबा उघडून बसायचा आणि दोन्ही मुलं लहानपणापासून त्याच्याच कुशीत वाढलेली. मी रिपोर्ट वाचून दाखवला. म्हातारा गप्प बसला, औषध मात्र नेमानं घेतलं आणि बरा झाला. सुनेला माहेरी पाठवलं होतं, ते पाठवलंच. परत कोणी आणलं नाही.

तेव्हा तक्ता असा दुरुस्त कर: वेताळ खोडायचा, हडळ घालायची, आणि अमेरिकेच्या रिकाम्या चौकोनात मर्सीचं नाव काळ्या शाईनं लिहायचं. ओघळ नकोत. दिवाळीत आलीस की आरवलीला जाऊ. वेतोबाच्या चपला तुझ्या हातात मावतात का ते बघू.

तुझा,
आबा